मोजपट्टीही तपासून घ्यावी : सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील अनुभवाधिष्ठित संशोधन

पावसाळ्यात शिराळा तालुक्यात किती पाऊस झाला, असे कोणी विचारले तर एका आकड्यात उत्तर देणे कठीण आहे. चांदोलीच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर धुवाधार कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता ओसरत जातो. एकाच दिवशी पश्चिमेकडचा शेतकरी भाताच्या खाचरात तुंबलेले पाणी वाट करून सोडत असतो, आणि पूर्वेकडचा शेतकरी आणखी एका सरीसाठी आभाळाकडे पाहत असतो. दोन्हीकडच्या पर्जन्यमापकांची सरासरी काढली तर गणितात चूक होत नाही. पण तो सरासरी पाऊस तालुक्यातील एखाद्याही शेतावर तेवढाच पडलेला असेल असे नाही. आकडा खरा असतो, आणि तरीही त्यातून काढलेला अर्थ खोटा ठरू शकतो.

या लेखाचा विषय वरवर पाहता पावसापासून फार दूरचा आहे. सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतींपैकी कोणती चांगली, हे कसे ठरवावे. त्यासाठी काय मोजावे, कसे मोजावे आणि मोजलेल्यावर कितपत विश्वास ठेवावा, याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या पाच-सहा दशकांत उभे राहिले आहे. त्याला सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणता येईल. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे कारण साधे आहे. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन दुकानातील अंगठ्याचा ठसा, दहावीची गुणपत्रिका, हे सारे आज सॉफ्टवेअरमधून जाते. त्यात एक चूक राहिली, तर कोणाचे धान्य अडते, कोणाचा प्रवेश हुकतो. आणि ज्या घरांना त्या एका हप्त्याचा किंवा त्या एका प्रवेशाचा आधार असतो, त्याच घरांतून आपले विद्यार्थी येतात. उद्या यांतील काही जण असे सॉफ्टवेअर लिहितील. ते नीट झाले आहे हे त्यांनी कशाच्या बळावर म्हणावे?

दावा आणि पुरावा

१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव त्या परिषदेमुळे सर्वतोमुखी झाले. तेव्हाची तक्रार अशी होती की मोठे प्रोग्रॅम वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि तयार झालेल्या वस्तूत दोष राहतात. त्यानंतर उपायांची रीघच लागली. नव्या प्रोग्रॅमिंग भाषा आल्या, नव्या पद्धती आल्या, नवी साधने आली. प्रत्येकाचा दावा एकच : आमचे वापरा, काम लवकर होईल आणि दोष कमी होतील. या दाव्यांना आधार बहुधा दोनच गोष्टींचा असे. एक, सांगणाऱ्याचा मोठेपणा. दुसरी, त्याचा स्वतःचा अनुभव.

येथे ‘अनुभव’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एखादा ज्येष्ठ प्रोग्रॅमर वीस वर्षांच्या कामावरून काही सांगतो, तो त्याचा व्यक्तिगत अनुभव. तो मोलाचा असतो, पण तो गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. अनुभवाधिष्ठित संशोधनातील अनुभव म्हणजे आधी प्रश्न ठरवून, नोंदी ठेवून आणि दुसऱ्याला पुन्हा तपासता येईल अशा रीतीने केलेले निरीक्षण. अमेरिकेत १९७६ च्या सुमारास नासा आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या सहकार्याने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची एक प्रयोगशाळा सुरू झाली. उपग्रहांसाठी प्रत्यक्ष लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. आपल्याकडे १९८१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पुण्यात संशोधन केंद्र उभारले आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा त्याच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय राहिला.

बौद्ध परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही दृष्टी नवी वाटणार नाही. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात केसपुत्त नगरीच्या कालामांना हाच पेच पडलेला आहे. गावात एकामागून एक उपदेशक येतात, प्रत्येक जण आपले मत थोर आणि दुसऱ्याचे हीन म्हणतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा? तथागतांचे उत्तर आपणांस परिचित आहे. परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा गुरू आहे म्हणून स्वीकारू नये. स्वतः जाणावे, आणि जे अहिताकडे नेते ते सोडून जे हिताकडे नेते ते आचरावे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणजे ‘या आणि पाहा’ असे म्हणता येण्याजोगा मानले जाते, तेही याच अर्थाने. मात्र ‘पाहणे’ वाटते तितके सोपे नसते, आणि या शास्त्राचा सारा भर त्या अडचणीवर आहे.

बुध गावचा संख्याशास्त्रज्ञ

मोजताना डोळ्यांची फसगत कशी होते, हे समजून घेण्यासाठी आपल्याच मातीतील एक उदाहरण पाहू. थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. त्या काळी आपले शिराळेही सातारा जिल्ह्यातच होते. सुखात्मे यांनी लंडन येथे उच्च शिक्षण घेतले आणि भारतात परतल्यावर पिकाच्या उताऱ्याचा अंदाज कसा बांधावा या प्रश्नावर काम केले. देशात धान्य किती पिकले हे कळल्याशिवाय ते कोठे कमी पडेल हे कळत नाही. त्यामुळे हा प्रश्न पोटापाण्याचा होता.

सर्व शेतांतील पीक मोजणे अशक्य. म्हणून काही शेते चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्यांत एक छोटा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून हिशेब मांडायचा. प्रश्न असा, की हा तुकडा केवढा असावा? लहान तुकडा सोयीचा : वेळ कमी, मजुरी कमी. परंतु सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवले की फार लहान तुकडा घेतला तर उतारा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. १९४६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी ही गोष्ट मांडली.

असे का व्हावे? तुकड्याच्या सीमेवर काही रोपे अशी असतात की ती आत की बाहेर, हे सांगता येत नाही. कापणाऱ्याचा हात नकळत त्यांना आत घेतो. यात लबाडी नाही. माणसाचा स्वभाव आहे. आता हिशेब पाहा. एक मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि सीमा ४ मीटर. दहा मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आणि सीमा ४० मीटर. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा येते, मोठ्यात फक्त ०.४ मीटर. सीमेवरची चूक लहान तुकड्यात दहापट वजनदार होते. असे हजार लहान तुकडे घेतले तरी ही चूक भरून निघत नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते.

यातून दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता येतात. काही चुका कधी इकडे, कधी तिकडे होतात. मोजमापांची संख्या वाढवली की त्या एकमेकींना खोडतात. काही चुका मात्र मोजपट्टीतच बसलेल्या असतात. कितीही मोजले तरी त्या हटत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात. सॉफ्टवेअरच्या मोजमापात याच चुकीची भीती अधिक असते.

सॉफ्टवेअरमध्ये काय मोजतात?

सॉफ्टवेअरला वजन नाही, लांबी-रुंदी नाही. मग मोजायचे काय? सर्वांत सोपे माप म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी. दुसरे माप दोषघनतेचे : दर हजार ओळींमागे किती दोष सापडले. १९७६ मध्ये टॉमस मॅकेब यांनी प्रोग्रॅमला फुटणाऱ्या वाटा मोजून त्याची गुंतागुंत आकड्यात मांडली. १९७९ मध्ये आयबीएमचे ॲलन आल्ब्रेक्ट यांनी ओळींऐवजी प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किती कामे करून देतो हे मोजण्याची रीत सुचवली.

यांपैकी कोणतेही माप निर्दोष नाही. समजा, एकच काम करणारे दोन प्रोग्रॅम आहेत. पहिला १००० ओळींचा, त्यात १० दोष सापडले. दुसरा नेटका, ४०० ओळींचा, त्यात ६ दोष सापडले. दोषघनता पाहिली तर पहिल्याची दर हजारी १०, दुसऱ्याची १५. कागदावर दुसरा प्रोग्रॅम नापास! पण वापरणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्यात कमी दोष येतात आणि दुरुस्त करणाऱ्याला ओळीही कमी वाचाव्या लागतात. शिवाय ‘सापडलेले दोष’ म्हणजे ‘असलेले दोष’ नव्हेत. ज्या प्रोग्रॅमची कोणी तपासणीच केली नाही, त्यात दोष सर्वांत कमी सापडतील.

भारतापुरता एक प्रत्यक्ष अभ्यास पाहू. मायकल क्युसुमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जगभरातील १०४ सॉफ्टवेअर प्रकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत भारतातील २४, जपानमधील २७, अमेरिकेतील ३१ आणि उरलेले २२ युरोप व अन्य देशांतील होते. एका प्रोग्रॅमरने महिन्याला लिहिलेल्या ओळींचा मध्यांक जपानमध्ये ४६९, अमेरिकेत २७० आणि भारतात २०९ निघाला. सॉफ्टवेअर वापरात आल्यावर बारा महिन्यांत नोंदल्या गेलेल्या दोषांचा मध्यांक दर हजार ओळींमागे जपानमध्ये ०.०२०, भारतात ०.२६३ आणि अमेरिकेत ०.४०० होता.

या आकड्यांवरून भारतीय प्रोग्रॅमर जपानी प्रोग्रॅमरच्या निम्मेही काम करत नाही, असे म्हणायचे का? मुळीच नाही, असा निष्कर्ष काढण्यापासून संशोधकांनी स्वतःच सावध केले होते. प्रकल्प निरनिराळ्या जातीचे होते, ओळी मोजण्याच्या रीती वेगळ्या होत्या, आणि माहिती देणे ऐच्छिक होते. चिठ्ठ्या टाकून निवडलेली ही शेते नव्हती. मात्र एक मर्यादित गोष्ट या पाहणीतून नक्की कळते : या विशिष्ट प्रकल्पांत भारतीय संघांच्या कामातील नोंदलेले दोष अमेरिकी संघांपेक्षा कमी होते, म्हणजे स्वस्त मजुरीचे काम ते कच्चे काम, हा समज येथे टिकत नाही. आकड्याला जेवढे पेलते तेवढेच त्याच्यावर लादावे.

नागाने दूध प्यायले?

नागपंचमीमुळे शिराळ्याचे नाव देशभर पोचले आहे, म्हणून पुढचा मुद्दा नागाच्याच उदाहरणाने सांगतो. नाग दूध पितो, ही समजूत सर्वत्र आढळते, आणि ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे’ असे सांगणारेही भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. परंतु दूध हे सापाचे अन्न नाही, हे सर्पतज्ज्ञांनी अनेकदा सांगितले आहे. गारुड्याच्या पेटारीत कित्येक दिवस पाण्यावाचून राहिलेला साप तहानेने कासावीस होऊन समोर येईल ते द्रव पितो. पाहिलेले खरे, पण त्याचे कारण तिसरेच. हे तिसरे कारण उघडे पाडायचे तर ज्याला पाणी मिळाले आहे अशा सापासमोरही दूध ठेवून पाहावे लागेल. तुलनेसाठी दुसरी बाजू लागतेच.

सॉफ्टवेअरमध्ये असेच होते. एखाद्या संघाने नवी पद्धत स्वीकारली आणि दोष कमी झाले. पण त्याच सुमारास दोन अनुभवी अभियंते संघात आले असतील, किंवा काम मुळात सोपे असेल. श्रेय कोणाचे? हे ठरवण्यासाठी वेगवेगळ्या संशोधनपद्धती वापरतात.

पहिली, नियंत्रित प्रयोगाची. समजा, चाळीस विद्यार्थी घेतले, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. मुद्दाम काही दोष पेरलेला एकच प्रोग्रॅम दोघांना दिला. एका गटाला तपासणीची लेखी यादी दिली, दुसऱ्याला दिली नाही. कोणत्या गटाने किती दोष शोधले ते मोजले. चिठ्ठ्या टाकल्यामुळे हुशार मुले एकाच गटात जाण्याची शक्यता कमी होते, आणि फरक दिसला तर तो यादीमुळे आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. या पद्धतीची उणीव अशी, की वर्गातला तासाभराचा प्रयोग म्हणजे कंपनीतला दोन वर्षांचा प्रकल्प नव्हे.

दुसरी, प्रकरण-अभ्यासाची. येथे प्रत्यक्ष चालू असलेले काम अभ्यासतात. नचिअप्पन नागप्पन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील तीन आणि आयबीएममधील एका संघाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे संघ प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याची चाचणी लिहीत. तशाच प्रकारच्या, पण ही रीत न वापरणाऱ्या प्रकल्पांच्या तुलनेत त्यांची दोषघनता ४० ते ९० टक्क्यांनी कमी होती. सुरुवातीचा वेळ मात्र १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला. हे काम खरे, माणसे खरी. परंतु संघ चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते आणि वेळेची वाढ व्यवस्थापकांच्या अंदाजावरून काढलेली होती. हे अभ्यासातच नमूद आहे, म्हणून तो अभ्यास अधिक विश्वसनीय वाटतो.

तिसरी पद्धत सर्वेक्षणाची, अनेकांना प्रश्नावली देऊन उत्तरे गोळा करण्याची. तिच्यातून लोक काय करतात यापेक्षा लोक काय सांगतात हे कळते. चौथी, माणसांजवळ बसून त्यांचे काम पाहण्याची आणि मुलाखती घेण्याची. ‘किती’ याऐवजी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. पाचवी, जुन्या नोंदी उपसण्याची : जगभरचे प्रोग्रॅमर आपापले कोड जिथे ठेवतात त्या साठ्यांतून लाखो बदलांचा इतिहास तपासायचा. एकच पद्धत सर्व प्रश्नांना पुरत नाही.

‘अठ्ठावीस पट’ आणि पुन्हा पडताळणी

१९६८ मध्ये सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी बारा अनुभवी प्रोग्रॅमरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकासमोर बसून काम करणे बरे, की काम लिहून पाठवून उत्तराची वाट पाहणे बरे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पण लक्षात राहिले ते वेगळेच : एका कामात सर्वांत जलद आणि सर्वांत सावकाश प्रोग्रॅमर यांच्या वेळेत २८ पट फरक दिसला. मग ‘उत्तम प्रोग्रॅमर सामान्याच्या अठ्ठावीस पट’ हे वाक्य पुस्तकांतून, भाषणांतून फिरत राहिले. प्रतिभा जन्मतःच असते, ती काहींनाच लाभते, असा त्याचा सूर.

१९९९ मध्ये जर्मनीतील लुट्झ प्रेशेल्ट यांनी मूळ आकडे पुन्हा तपासले. दोन वेगळ्या परिस्थितींत काम केलेल्यांचे वेळ एकत्र करून तो २८ चा आकडा आला होता. सर्वांनी प्रोग्रॅमिंगची एकच भाषाही वापरलेली नव्हती. शिवाय बारांतील पहिला आणि शेवटचा एवढेच पाहणे म्हणजे वर्गाची हुशारी दोनच मुलांवरून ठरवणे. माणसामाणसांत फरक असतोच. तो प्रेशेल्ट यांनीही नाकारला नाही. पण तो अठ्ठावीस पट नव्हता. गुणवत्ता जन्मावर ठरते असे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ऐकवले गेले, त्यांच्या मुलांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. कोणी आकडा दाखवून ‘तू या कामाचा नाहीस’ असे सांगितले, तर खचण्याआधी विचारावे : हा आकडा कोणत्या परिस्थितीत, किती जणांवर आणि कोणत्या प्रश्नासाठी काढला होता?

आणखी एक उदाहरण. २०१४ मध्ये ७२९ प्रकल्पांच्या नोंदी तपासून एका संशोधकगटाने कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत दोष अधिक होतात याचा अभ्यास मांडला. १७ भाषांपैकी ११ भाषांचा दोषांशी संबंध असल्याचे दिसले. तो पुष्कळ गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा हा संबंध केवळ ४ भाषांपुरता उरला. पहिल्या अभ्यासातील एक चूक तर मासलेवाईक होती. टाइपस्क्रिप्ट ही भाषा २०१२ मध्ये आली. पण नोंदींत तिच्या फायली २००३ पासूनच्या दिसत होत्या! त्या फायली प्रत्यक्षात पडद्यावरील मजकुराच्या भाषांतराच्या होत्या. नावाच्या शेवटची अक्षरे सारखी असल्याने संगणकाने त्या टाइपस्क्रिप्टच्या समजून मोजल्या. पहिल्या गटाने आपली माहिती दुसऱ्यांना उपलब्ध करून दिली, म्हणून ही चूक सापडली. चूक होण्यात कमीपणा नाही. पडताळणीचे दार बंद ठेवण्यात आहे.

बाबासाहेबांचा प्रश्न

मोजमापाच्या मुळाशी जाणारा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला होता. विषय मात्र शेतीचा होता. १९१७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी प्रसिद्ध केली. भारतात गावाच्या अर्थव्यवस्थेचा असा घरोघरचा अभ्यास तेव्हा दुर्मीळ होता. योगायोग असा, की तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडचे उपनगर आहे आणि हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी सॉफ्टवेअर अभियंते तिथे राहतात.

त्या काळी मुंबई इलाख्याचे अधिकारी कीटिंग, तसेच डॉ. मॅन आदी अभ्यासक, शेतकऱ्याचे कुटुंब पोसू शकेल तेवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीनधारणा, असे माप लावत. १९१८ मध्ये भारतातील लहान जमीनधारणांवर लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी या मापालाच हरकत घेतली. कुटुंबाला किती लागते हे उपभोगाचे माप झाले; शेती तर उत्पादनाचा व्यवसाय आहे. नुसते एकर मोजून काही कळत नाही. त्या जमिनीवर भांडवल, अवजारे आणि श्रम किती लागतात याचे प्रमाण पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे बैल नाहीत, नांगर नाही, त्याला हाती असलेली जमीनही पेलत नाही. माप बदलले की रोगाचे निदान बदलते, आणि निदान बदलले की उपायही बदलतो. बाबासाहेबांनी केवळ तुकडे जोडण्याऐवजी औद्योगिकीकरणाकडे लक्ष वेधले ते यामुळे.

सॉफ्टवेअरमधील ओळींचे माप हे एकरांच्या मापासारखेच आहे. महिन्याला किती ओळी, असे विचारण्यापूर्वी कोणत्या साधनांनी, किती मदतीने, कोणासाठी, हे विचारले पाहिजे.

कोठीघरातील एक प्रयोग

मेरीलँडचे प्रा. व्हिक्टर बसिली यांनी यासाठी एक सोपी शिस्त घालून दिली : आधी ध्येय, मग प्रश्न, शेवटी माप. समजा, आपल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या कोठीघरातील धान्यसाठ्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चांगला आहे का? प्रोग्रॅमच्या ओळी मोजून हे कळणार नाही. ध्येय असे : मुलांचे जेवण कधी कमी पडू नये आणि साठ्याचा हिशेब चोख राहावा. त्यातून प्रश्न निघतात : संगणकावरचा साठा आणि पोत्यांतला साठा जुळतो का? धान्य संपत आल्याची सूचना वेळेत मिळते का? स्वयंपाकघरातील मावशींना नोंद करणे जमते का? मग मापे आपोआप सुचतात : दर शनिवारी प्रत्यक्ष वजन आणि नोंद यांतील फरक किलोत, सूचना आणि साठा संपणे यांत गेलेले दिवस, एका नोंदीला लागलेली मिनिटे. प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वी महिनाभर जुन्या वहीचीही हीच मापे घेऊन ठेवावीत. नाहीतर सुधारणा झाली की नाही, हे कोणाशी ताडून पाहणार?

येथे एक धोका सांगितला पाहिजे. शनिवारचा फरक जास्त निघाला म्हणून मावशींना बोल लावला, तर पुढच्या शनिवारी फरक शून्य येईल; आणि धान्य मात्र कमीच असेल. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराचे सार हेच आहे : मापालाच लक्ष्य केले की ते माप म्हणून निकामी होते. म्हणून ज्यांचे काम मोजायचे त्यांना त्याचा हेतू सांगावा, त्यांची संमती घ्यावी आणि मापाचा वापर शिक्षेसाठी करू नये. ही केवळ सज्जनता नाही. खरा आकडा मिळण्याची ती अट आहे.

विद्यार्थ्यांसाठी

कोणताही आकडा समोर आला की पाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. नेमके काय मोजले? कोणाकोणाला मोजले आणि कोण सुटले? तुलना कशाशी केली? दिसलेल्या फरकाचे दुसरे कारण असू शकते का? दुसऱ्या कोणी पुन्हा मोजून पाहिले का? हे प्रश्न दुसऱ्याच्या आकड्याला विचारणे सोपे असते. स्वतःच्या आवडत्या पद्धतीला, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमला ते विचारणे अवघड; पण शास्त्राची सुरुवात तिथूनच होते.

कालामांना दिलेल्या उत्तरात ‘स्वतः जाणावे’ याच्यापुढे हिताहिताची कसोटी आहे, हे विसरू नये. प्रोग्रॅममध्ये हजारी किती दोष, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्या दोषांपैकी एखाद्यामुळे कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकून राहिला असेल, तर त्या मुलाच्या लेखी दोषघनता शंभर टक्के असते. सरासरीत तो मुलगा दिसत नाही. जो स्वतः अशा रांगेत उभा राहिला आहे, त्याला तो दिसतो. आपल्या शाळेतून सॉफ्टवेअर अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने मोजण्याचे शास्त्र नीट शिकावे, आणि रांगेतला तो एक जण मोजायचा राहिला नाही ना, हे पाहण्याची ही नजर सोबत न्यावी.